तंजावरची वाट

क्लीव्हलँड, ओहायो

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
शि. सा. न. वि. वि.

आई, परवा तू म्हणालीस, "पोरीला कथक शिकव की, भरतनाट्यम आपलं कुठे?" फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

इथे १९७८ पासून दरवर्षी ईस्टरच्या सुमारास त्यागराज आराधना, म्हणजे कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांच्या स्मरणाचा उत्सव, होते. यंदा चिनूला घेऊन गेले होते. त्यांच्या पंचरत्न कृती सगळे मिळून गातात: नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री, पाच रागांतल्या पाच रचना. मी मात्र शेजारच्या आजींच्या हाताकडे बघत राहिले. मांडीवर एक थाप, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा थाप आणि उताणा हात, परत थाप आणि उताणा हात. झाला आदितालाचा आठ मात्रांचा फेरा. रांगच्या रांग असा ताल धरून बसलेली! आपल्याकडे ठेका तबलजी सांभाळतो, आपण समेवर मान हलवतो. इथे ऐकणाराही कामाला लागतो. चिनूचा हात बरोबर चालला होता, मीच दोनदा तिच्याकडे बघून पुन्हा ताल धरला.

तिच्या क्लासमध्ये बाई लाकडी ठोकळ्यावर काठीने ताल देतात. गुडघे बाहेर वळवून, पाठ ताठ ठेवून, अर्धवट बसल्यासारखं उभं राहायचं आणि त्याच बैठकीत 'तैया तै' म्हणत पावलं आपटायची. पोटऱ्या भरून येतात, पण पोर हूं की चूं करत नाही.

आता "आपलं कुठे" याबद्दल. शहाजीराजांचे चिरंजीव व्यंकोजी तंजावरला गेले आणि तिथे भोसल्यांचं राज्य १८५५ पर्यंत टिकलं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. सुरुवातीच्या अलारिप्पूपासून शेवटच्या तिल्लान्यापर्यंत नाचांचा जो क्रम चिनू शिकते आहे, तो लावण्याचं श्रेय त्यांनाच देतात. खुद्द सरफोजीराजांच्या नावावर नाचासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत. मराठी नाचायची, आई, तीही कावेरीकाठी! आपले कीर्तनकारही तिकडे पोचले, आणि तमिळ हरिकथेत साकी, दिंडी, ओवी आजही त्याच नावांनी म्हणतात. त्यागराज (१७६७–१८४७) जवळच तिरुवैयारूला राहायचे, म्हणजे मराठ्यांच्याच मुलखात. शाळेत आम्हाला तंजावर एका ओळीत उरकून शिकवलं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाबा, मिरजेच्या दर्ग्यात उरसाचं गाणं ऐकायला तुम्ही मला न्यायचात. ज्यांच्या आठवणीत तिथे सगळे गातात, त्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्यागराजांची 'राम नी समानमेवरु' ध्वनिमुद्रित केली आहे. किराणा घराण्याच्या गळ्यातून तेलुगू कृती! चिनूला ऐकवली, तर ऐकता ऐकता तिने आपणहून ताल धरला. तुम्हीही ऐका, आईलाही ऐकवा.

डिसेंबरात आम्ही येतोय. चेन्नईत तेव्हा मार्गळी या तमिळ महिन्यातला संगीत हंगाम असतो. दोन-चार मैफली ऐकून पुढे तंजावरला जाऊ. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरलेला आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मोडीची कागदपत्रं आहेत. बाबा, तुम्हाला मोडी वाचता येते, तेव्हा तुम्ही हवेतच. आईच्या गुडघ्यांचं डॉक्टरांना विचारून तारखा कळवा, म्हणजे रेल्वेची तिकिटं काढते.

तुमची,
मनू