बारा टक्के की एकवीस?

महोदय,

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, त्यातून डोकं वर काढतो न काढतो तोच गणपती. हर्णै बंदराच्या परिसरात पैशाची खरी ओढाताण याच दिवसांत. यंदा मला जाळ्यांसाठी पन्नास हजार हवे होते. मोबाइलवरच्या अ‍ॅपच्या नादी लागलो नाही (शेजारच्या पोराचे हाल पाहिलेत), जवळच्या एका पतसंस्थेत गेलो. 'फक्त बारा टक्के' ऐकून खूश झालो.

घरी भाचीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. व्याज फ्लॅट, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी वर्षभर पूर्ण पन्नास हजारांवर: ६,००० रुपये. तेच बारा टक्के घटत्या शिलकीवर लावले तर साधारण ३,३०० रुपये. म्हणजे खरा दर एकवीसच्या वर! शिवाय संस्थेच्या शेअर्सचे पैसे आणि प्रक्रिया शुल्क कर्जातूनच कापणार.

शेवटी बायकोच्या बचत गटातून वीस हजार घेतले, बाकीची जाळी जुनीच शिवली. गटाचा दर महिन्याला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस, ऐकायला महाग. पण उरलेल्या रकमेवरच, आणि ते व्याज गटातच राहतं. वाटपाला त्यातले चार पैसे बायकोच्याही हाती येतात.

पतसंस्था वाईट नाहीत, अडीअडचणीला त्याच दार उघडतात. पण दर फ्लॅट की घटता, आणि दर हजारी एकूण किती फेडायचे, एवढं तरी काउंटरजवळच्या फलकावर लिहावं. सहकार खात्याने तशी सक्ती करावी.

– एक मच्छीमार, दापोली तालुका