लॅपटॉप फॉरमॅट करायला देताय? आधी हे वाचा

मा. संपादक, स.न.वि.वि.

मुलगी लातूरला शिकायला आहे, तिचा लॅपटॉप लई हँग व्हायला लागला म्हणून मी इथं परभणीत एका दुकानात दिला, त्यानं ८०० रुपये घेऊन फॉरमॅट मारून दिला आणि घरी येऊन बघतो तर तिच्या आजोबांचे सगळे फोटो गेलेले. दुकानदारानं एका शब्दानं विचारलं नाही की डेटा ठेवायचा का काढायचा. पोरगी दोन दिवस नीट जेवली नाही.

नंतर कळलं की हे काम घरीच होतं. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी आणि तिथं 'रीसेट धिस पीसी'. त्यात दोन पर्याय येतात, 'कीप माय फाइल्स' घेतलं तर फोटो, कागदं राहतात पण आपण टाकलेली सॉफ्टवेअरं जातात, 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घेतलं की सगळंच साफ. लॅपटॉप विकायचा असला तरच हे दुसरं घ्या. कुठलंही घेतलं तरी आधी पेनड्राइव्हवर कॉपी काढाच. लॅपटॉप चालू होतो पण आत लॉगिन होत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट करायचं, तिथूनही होतं. बिटलॉकर (डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर लॅपटॉप ४८ आकडी 'रिकव्हरी की' मागू शकतो, ती आधीच वहीत लिहून ठेवा. आणि चार्जर लावूनच बसा, आपल्याकडं लाइट कधी जाईल सांगता येत नाही, मधेच बंद पडला तर विंडोजच बिघडू शकतं.

दुकानदारांनी निदान पावतीवर तरी लिहून घ्यावं, डेटा ठेवायचा की नाही. एवढं छापा.

आपला एक वाचक, परभणी