क्षारपड जमिनीच्या कागदी तब्येतीबद्दल कृषिमंत्र्यांना खुले पत्र

मा. कृषिमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

परवा माझ्या शेताची मृदा आरोग्य पत्रिका हाती पडली. मातीतलं मीठ दाखवणारी विद्युत वाहकता 1.4, शेरा 'सर्वसाधारण'. तेवढ्यावर सच्छिद्र पाइपांच्या निचरा योजनेतून माझा गट वगळला. निवडणुकीआधी आपल्याच माणसांनी गावसभेत शब्द दिला होता, मीठ फुटलेला एकही गट सुटणार नाही.

या 'सर्वसाधारण' रानात उन्हाळ्यात सरीच्या माथ्यावर नखाने खरवडावा असा पांढरा थर येतो. उसाची आडसाली लागण गेली, तोडणीनंतर फुटलेला खोडवा वीतभर येऊन करपला. जोमात वाढतंय ते सोसायटीचं कर्ज.

कृषी खात्याचे साहेब म्हणाले, "वाहकता चारच्या आत आहे, काळजी नको." अहो, चारची मर्यादा संपृक्त, म्हणजे माती जेमतेम पाण्याने भरेल एवढ्याच पाण्यात कालवलेल्या, चिखलातून काढलेल्या अर्काला लागू. आपल्या प्रयोगशाळेत मातीच्या अडीच पट पाणी ओतून मोजतात. आमटीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि मीठ बेताचं आहे म्हणायचं! त्याच मातीचा अर्क काढा, आकडा कितीतरी वर जाईल. आणि ऊस चारची वाट बघत नाही. अर्काची वाहकता 1.7 च्या वर गेली की वाढणाऱ्या प्रत्येक डेसिसायमनला (हे वाहकतेचं एकक) उसाचं उत्पादन सहा टक्क्यांच्या आसपास घटतं.

मागच्या पत्रिकेत वाहकतेपुढे 1380 होतं, एकक नाही. ते मायक्रोसायमन प्रति सेंटिमीटर, आताचं डेसिसायमन प्रति मीटर. हजाराने भागा, जमीन होती तिथंच आहे. पण टेबलापलीकडून ऐकायला मिळालं, "1380 वरून 1.4! केवढी सुधारणा!" मग सत्कार कधी ठेवताय?

बोअरच्या पाण्याचीही तीच गत. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा टीडीएस मीटर मोजतो वाहकताच, कुणी तिच्या डेसिसायमनमधल्या आकड्याला 500 ने गुणतो, कुणी 640 ने. पाणी एक, पीपीएम (दहा लाख भागांत क्षार किती) दोन.

देशात 67 लाख हेक्टर जमीन क्षारांनी धरलीय, राज्यात सहा लाख म्हणतात. त्यात माझी नसणारच, ती कागदावर ठणठणीत आहे ना! पाटाचं पाणी देताना निचऱ्याचा विचार नाही, कारखान्याला टनेज हवं, पुढाऱ्यांना कारखाना हवा. मीठ तेवढं आमच्या वाट्याला.

पत्रिकेवर एकक छापा, मोजणीची पद्धत छापा, आणि माझ्या मातीचा अर्क काढून पुन्हा मोजा. पाणीपट्टीच्या नोटिशीत रुपये, पैसे, मुदत, दंड सगळं बिनचूक छापता येतं तुम्हाला.

आपला,
शिरोळ तालुक्यातला एक खातेदार