लिबरेटर विमानांच्या संग्रहासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या मंडळाचे सभासद, हितचिंतक, तसेच लोहगाव, धानोरी, विश्रांतवाडी व विमाननगर परिसरातील विमानदळाच्या निवृत्तांची कुटुंबे यांना हे पत्र कार्यकारिणीच्या वतीने लिहीत आहे. चार इंजिनांच्या लिबरेटर या अवजड बॉम्बर विमानाचे पुण्याशी नाते १९५१ मध्ये भारतीय विमानदळाची ६ क्रमांकाची स्क्वाड्रन (विमानांची तुकडी) येथे नव्याने उभी राहिली तेव्हा जडले, आणि १९६८ च्या अखेरीस या विमानांना निवृत्ती मिळाली, हे आपण जाणताच. मात्र ही विमाने पुण्यात आली ती एक महायुद्ध अंगावर घेऊन, आणि तो पूर्वार्ध आपल्या संग्रहात अजून जवळजवळ कोराच आहे.

या पूर्वार्धाच्या शोधाला कारण झाले ते एक लॉगबुक, म्हणजे वैमानिकाची उड्डाणांची नोंदवही. वानवडीच्या एका दिवंगत विमानदळ अधिकाऱ्यांच्या पत्नींनी तीन वर्षांपूर्वी ते साडीच्या घडीतून काढून आमच्या हाती दिले, आणि वर ‘चहा घेतल्याशिवाय जायचे नाही’ असे बजावले. दिवसाची उड्डाणे निळ्या शाईत, रात्रीची लाल शाईत, अशा त्या नेटक्या नोंदींत एचई ८०७ हा क्रमांक पुन्हापुन्हा येतो. माग काढला तेव्हा कळले की युद्धाच्या अखेरीस हेच विमान केएन ७५१ या क्रमांकाने ब्रिटिश विमानदळाच्या ९९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये होते. ही स्क्वाड्रन १९४२ मध्ये वेलिंग्टन विमानांनिशी हिंदुस्थानात आली, १९४४ मध्ये तिला लिबरेटर मिळाली, आणि बंगालमधील धुबलिया तळावरून तिने ब्रह्मदेश व सयाम (आजचे थायलंड) येथील जपानी रसदमार्गांवर हल्ले केले. १९४५ मध्ये ती हिंदी महासागरातील कोकोस बेटांवर गेली आणि जपानच्या शरणागतीनंतर युद्धकैद्यांच्या छावण्यांवर अन्न व औषधे टाकण्याचे काम तिने केले.

त्या काळच्या लिबरेटरवर साधारण आठ ते दहा जण असत, आणि त्यांत ब्रिटिशांबरोबर कॅनेडियन, ऑस्ट्रेलियन, न्यूझीलंडचे तरुणही असत. अंतरे अशी की आज नकाशावर पट्टी ठेवली तरी दडपण येते. मिदनापूर जिल्ह्यातील डिग्री तळावरच्या १५९ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने ऑक्टोबर १९४४ मध्ये विंग कमांडर जेम्स ब्लॅकबर्न यांच्या नेतृत्वाखाली पंधरा विमाने पाठवून मलायातील जपानच्या ताब्यातल्या पेनांग बंदराच्या तोंडाशी सुरुंग पेरले. जाऊन-येऊन तीन हजार मैलांहून अधिक. इंधन कसे वाचवावे, अनावश्यक सामान कोणते उतरवावे, याचे प्रयोग करून लांब पल्ल्यावर तीन हजार पौंडांऐवजी आठ हजार पौंड बॉम्ब नेता येतात, हेही याच ब्लॅकबर्न यांनी सिद्ध केले. हा इतिहास केवळ पराक्रमाचा नाही. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर बॉम्ब पडले तेव्हा रुळांलगतच्या छावण्यांतील दोस्त राष्ट्रांचेच युद्धकैदीही मेले, आणि तेही आपल्या फलकांवर यावे असा कार्यकारिणीचा आग्रह आहे.

युद्ध संपल्यावर, अमेरिकेशी झालेल्या उसनवारीच्या करारामुळे (उसनी विमाने परत करावीत किंवा नष्ट करावीत, अशी त्याची अट होती), ब्रिटिशांनी कानपूरला गोळा केलेली ही अमेरिकी विमाने निकामी केली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणे फोडली. त्याच ढिगातून बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट या विमान कारखान्याच्या कारागिरांनी सुमारे चाळीस विमाने उडण्याजोगी केली, आणि कारखान्याचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकामागून एक बंगळूरला उडवत नेली. पुढे जगभरच्या संग्रहालयांना लिबरेटर हवे झाले तेव्हा ते भारताकडेच मिळाले. एचई ८०७ हे १९७४ मध्ये ब्रिटनला गेले व आज लंडनच्या हेंडन संग्रहालयात आहे. दिल्लीतील पालमच्या संग्रहालयात एक आहे. पुण्यात, जिथे ती खऱ्या अर्थाने नांदली, तिथे एकही नाही.

आपल्या एका निवृत्त फिटर सभासदांचा येथे आवर्जून उल्लेख केला पाहिजे. वयाची ऐंशी उलटल्यावरही ते दर गुरुवारी रिक्षाने येत आणि एकेका छायाचित्रामागे पेन्सिलीने माहिती लिहीत. लिबरेटरचे बॉम्बकक्षाचे दरवाजे दुकानाच्या शटरसारखे गुंडाळत वर जात, आणि पुढून मागे जायला मधोमध जेमतेम नऊ इंचांची पट्टी असे, हे त्यांनी आम्हाला जमिनीवर खडूने आखून, त्यावरून चालायला लावून शिकवले. गेल्या दिवाळीत ते गेले. त्यांच्या हस्ताक्षरातील नोंदी असलेली दोनशेहून अधिक छायाचित्रे हे मंडळाचे खरे धन आहे, आणि गेल्या पावसाळ्यात त्यांतील काहींना बुरशी धरली, हे लिहिताना संकोच वाटतो.

संकोच बाजूला ठेवून आणखी एक लिहितो. मागील वर्षी याच विषयाची दीडशे पत्रे टपालाने गेली. उत्तरे बोटांवर मोजण्याइतकी आली, त्यांतले एक पत्ता बदलल्याचे कळवणारे होते. एका घरी आम्ही फोन करून वेळ ठरवली होती. पोहोचलो तेव्हा त्याच आठवड्यात घर आवरताना दोन लॉगबुके रद्दीत गेल्याचे समजले. कोणाला दोष देत नाही, परंतु वाईट वाटले.

निकड अशी: लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून ९९ व १५९ स्क्वाड्रनच्या मोहिमांच्या नोंदींच्या प्रती मागवणे, छायाचित्रांसाठी आम्लरहित पेट्या व दमटपणा शोषणारे यंत्र घेणे, स्कॅनिंग व फलक, असा एकूण खर्च १,८०,००० रुपये; जमा ६२,०००; उरलेली रक्कम पावसाळ्यापूर्वी, म्हणजे ३१ मेपर्यंत हवी. धनादेश मंडळाच्या नावे द्यावा, रोख दिल्यास पावती अवश्य घ्यावी. कार्यालय शनिवारी सायंकाळी ५ ते ७ उघडे असते, क्यूआर कोड दारावर लावला आहे. ज्यांना पैसे देणे शक्य नाही त्यांनी गुरुवारची एक दुपार द्यावी. नोंदी लावायला माणसे कमी पडतात.

घरातले लॉगबुक कायमचे द्यायला मन धजत नसेल तर ते आम्ही समजू शकतो. आमचा कार्यकर्ता घरी येईल, आपल्यासमोर पानांची छायाचित्रे घेईल आणि वही आपल्याच हाती परत देईल. मात्र रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी आम्हाला एक फोन जरूर करावा.

आपला नम्र,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)