त्या एका खुर्चीविषयी

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर हातात छोटासा अमेरिकन झेंडा धरून काढलेला तुझा फोटो मिळाला. ‘आता मी इथे कुणीही होऊ शकतो, फक्त राष्ट्राध्यक्ष सोडून,’ असे तू फोनवर म्हणालास. तुझ्या आईने ते हसण्यावारी नेले, पण माझ्या डोक्यातून ते काही जाईना.

तिथल्या घटनेने राष्ट्राध्यक्षाला तीन अटी घातल्या आहेत: वय ३५, देशात १४ वर्षे वास्तव्य आणि जन्मसिद्ध नागरिकत्व. पहिल्या दोन मोजता येतात. तिसरीची व्याख्या मात्र घटनेत कुठेच नाही. सेनेचे आधिपत्य जन्माने नागरिक नसलेल्याच्या हाती जाऊ नये, असे तिथले मुत्सद्दी जॉन जे यांनी १७८७ मध्ये वॉशिंग्टन यांना पत्राने सुचवले होते, आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाला युरोपातल्या राजघराण्यांची धास्ती वाटणे स्वाभाविकच होते. पुढे मात्र या मोघमपणाचे भलतेच परिणाम झाले. पनामा कालव्याच्या पट्ट्यात जन्मलेले राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉन मॅकेन जन्मसिद्ध नागरिकच आहेत, असा ठराव २००८ मध्ये सिनेटला करावा लागला, त्याच पदासाठी उभे राहिलेल्या, कॅनडात जन्मलेल्या टेड क्रूझ यांच्या पात्रतेवर २०१६ मध्ये दावे झाले, आणि ज्यांच्याबद्दल मुळात शंकेला जागाच नव्हती त्या होनोलुलूत जन्मलेल्या ओबामांना २०११ मध्ये जन्माचा सविस्तर दाखला जगापुढे ठेवावा लागला.

आता माझी अडचण सांगतो. सर्वोच्च पदे भारतात जन्मलेल्या नागरिकांनाच मिळावीत, अशी भूमिका मे १९९९ मध्ये शरद पवार, संगमा आणि तारिक अन्वर यांनी घेतली, काँग्रेसने त्यांना पक्षातून काढले आणि जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली, तेव्हा बँकेत जेवणाच्या सुट्टीत मी त्यांची बाजू इतक्या तावातावाने मांडत असे की डबा तसाच घरी यायचा. आपल्या घटनेच्या ५८व्या अनुच्छेदात राष्ट्रपती ‘भारताचा नागरिक’ असावा एवढेच म्हटले आहे, जन्मस्थळाचा उल्लेखही नाही, हे एका सहकाऱ्याने पुस्तक उघडून दाखवले, त्यावर मी ‘मग ती घटनाकारांची चूक’ असे ठोकून दिले होते. २००४ मध्ये पंतप्रधान झालेले मनमोहन सिंग ज्या गाह गावात जन्मले ते आज पाकिस्तानात आहे, याचे मला तेव्हा काहीच वाटले नाही; फाळणीचा अपवाद मी मनातल्या मनात केव्हाच करून टाकला होता.

तुझा मुलगा तिथे जन्मला. तो उद्या आमच्याकडे येऊन तीस वर्षे राहिला आणि परत जाऊन चौदा वर्षे काढली, तरी तो पात्र. आणि परकी निष्ठा सोडल्याची शपथ, जी जन्मसिद्ध नागरिकाला घ्यावीच लागत नाही, ती घेणारा तू कायमचा अपात्र. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात निवडून जातात, देशाचे कायदे करतात, पण त्यांनाही ते दार बंदच. अण्वस्त्रांचा अधिकार ज्याच्या हाती जायचा त्याच्या निष्ठेची चिंता मी उडवून लावत नाही, पण ती पारखायला दीर्घ वास्तव्याची अट आणि मतदार पुरेसे आहेत, असे मला आता वाटते. बदल लवकर होईलसे दिसत नाही, कारण त्याला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते आणि ३८ राज्यांची मान्यता लागते.

हे मत मुलामुळे बदलले, असे तो सहकारी नक्की म्हणेल आणि मला ते नाकारता येणार नाही. तो आता सांगलीला असतो; त्याचा नंबर शोधतो आहे.

तुझे,
बाबा