सातवं कृत्य

सोलापूर,
२ नोव्हेंबर

प्रिय मित्रा,

आज ऑल सोल्स डे, आम्हा ख्रिस्ती लोकांचा मृतांच्या स्मरणाचा दिवस. आईबाबांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून आलो आणि तुला लिहायला बसलो. आठवतं, मी रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गात असायचो आणि तू बॅट घेऊन बाहेर ताटकळायचास? तिथे आम्ही दयेची सात शारीरिक कृत्यं पाठ करायचो. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची आणि बंदिवानाची भेट. ही सहा बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातली. सातवं, मृताला मूठमाती देणं, तोबीतच्या पुस्तकातलं. राजाची भीती न बाळगता तोबीत आपल्या लोकांची उघड्यावर टाकलेली प्रेतं पुरायचा.

ते सातवं मी परवा पाहिलं.

आपल्या गल्लीतले रिक्षावाले मामा तुला ठाऊक आहेत. त्यांच्या सीटमागे घडी घातलेली चादर दिसली, म्हणून विचारलं. म्हणाले, "बेवारस माणसासाठी." पोलिसांची कागदपत्रं झाली की त्यांना फोन येतो. यंत्रमागावरचा एक जोडीदार डागी चादर स्वस्तात देतो. मी सोबत गेलो. मामांनी आधी म्हाताऱ्याचा चेहरा ओल्या फडक्याने पुसला, कानामागचीही माती काढली. मग चादर हनुवटीखाली नीट खोचली, झोपलेल्या पोराला खोचावी तशी. विणीतला चुकलेला धागा खालच्या बाजूला घेतला. कोण, कुठला, कोणत्या धर्माचा, काहीच माहीत नव्हतं. मी मनात 'प्रभो, याला चिरशांती दे' एवढंच म्हटलं.

हे काम ते कित्येक वर्षं करताहेत आणि मी रोज त्यांच्या रिक्षात बसतोय! २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या शेजारी राहणाऱ्या संतांबद्दल लिहिलं. ते मी वाचून बाजूला ठेवलं होतं, याची मला खरंच लाज वाटते. आता नजर जाते. कोपऱ्यावरच्या बिडी वळणाऱ्या मावशी रोज चार भाकऱ्या जास्त थापतात आणि दवाखान्याबाहेर बसलेल्या नातेवाइकांना देऊन येतात.

चर्चमध्ये मामांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरत होतं. मी विचारायला गेलो तर मामा म्हणाले, "सत्कार कशाला ओ? उचलायला चौघं लागतात. दोघंच असतो आम्ही."

मी माझा नंबर दिलाय. तू गड्ड्याच्या यात्रेला येशीलच. तेव्हा फोन आला, तर चौथा तू चल.

तुझाच,
जुना मित्र