आधी रॉडची उंची बघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वयाच्या ४७व्या वर्षी मी वजनं उचलायला लागले आणि पहिल्याच महिन्यात डेडलिफ्ट करताना, म्हणजे टोकांना वजनाच्या प्लेट (चकत्या) लावलेला रॉड जमिनीवरून उचलून उभं राहताना, पाठीत उसण भरली. आठ दिवस कूस बदलता येत नव्हती. “तुमची पाठच कमजोर,” असं मला सांगण्यात आलं आणि मी ते खरं मानलं. पाठ कमजोर नव्हती, रॉड खाली होता.

डेडलिफ्टच्या मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो. त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर, नडगीपाशी राहतो. नवख्या माणसाला त्या प्लेट झेपत नाहीत म्हणून पाच-पाच किलोच्या छोट्या लावून देतात आणि रॉड पार घोट्यांशी येतो. वजन हलकं असतं, पण इतकं खाली वाकताना बहुतेकांची कंबर गोल होते. उपाय साधा आहे. दोन्हीकडच्या प्लेटखाली सारख्या उंचीचे लाकडी ठोकळे ठेवा, रॉड नडगीपर्यंत आणा. वरून पाहिलं तर रॉड बुटाच्या नाडीच्या गाठीवर दिसला पाहिजे. मग पोटात श्वास भरायचा, पाठ ताठ करायची आणि पायांनी जमीन दाबत उठायचं. (रक्तदाब असलेल्यांनी श्वास रोखण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं.)

स्क्वॉटसाठी, म्हणजे खांद्यांवर रॉड घेऊन बैठका मारायला, सुरुवातीला नुसता रॉड पुरतो. तोच वीस किलोचा असतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद भराभर वाढते, कारण आहेत तेच स्नायू नीट वापरायला मेंदू आणि मज्जातंतू शिकत असतात. स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा मात्र त्या वेगाने तयार होत नाहीत, आणि घाई केली की दुखणं तिथेच सुरू होतं. म्हणून मी एका वेळी अडीच किलोच वाढवते, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा. दोन दिवसांच्या मध्ये एक दिवस सुट्टी, आणि उचललेलं प्रत्येक वजन वहीत.

बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून रॉड छातीवरून वर ढकलणं, एकट्याने करणाऱ्यांनी रॉडला क्लिपा (प्लेट घट्ट धरणारे चिमटे) लावू नयेत. अडकलात तर रॉड कलता करून प्लेट खाली सोडता येतात.

माझे ठोकळे साठ किलोला सुटले, कारण तेव्हा वीस-वीसच्या मोठ्या प्लेट लागल्या. ते अजून कोपऱ्यात पडून आहेत. नवीन माणूस आला की प्रशिक्षकांनी वजन विचारण्याआधी ते बाहेर काढावेत, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक वाचक